पिकवणीत फळ काळं पडतं ते बुरशीमुळे, गारठ्यामुळे की चिकामुळे?

माळवीमाती (धागाकर्ता)

मृगाचा पाऊस झाला की इंदूरच्या चोइथराम मंडीत रोज एकच तक्रार कानावर येते, "माल काला पड़ रहा है।" त्यावरचे सल्लेही ठरलेले: बर्फ वाढवा, नाहीतर औषधात बुडवा. अडचण अशी की फळ काळं किंवा तपकिरी पडायची कारणं निदान चार, आणि एकाचा इलाज दुसऱ्याला मारक. बुरशी आवरायला गारठा वाढवला तर केळं त्या गारठ्यानेच काळं पडतं. म्हणून आधी निदान आणि मग इलाज, या क्रमाने धागा चालवू. केळी, आंबा, पपई यांवर जास्त बोलू, बाकीची फळं ओघाने.

सुरुवात बुरशीपासून. माल पिकवणीच्या खोलीतून (चेंबरमधून) काढल्यावर दिसणारा डाग बहुतेक वेळा त्या खोलीत लागलेला नसतो. करपा आणणारी कोलेटोट्रायकम बुरशी बागेतच, मोहोरावर किंवा कोवळ्या फळावर, पावसाच्या शिंतोड्यांबरोबर येऊन बसते. साल काही तास ओली राहिली की बीजाणू रुजतो, सालीला घट्ट चिकटणारी एक गडद पेशी तयार करतो, तिच्यातून बारीक खुंटी मेणाच्या थरात घुसवतो आणि तिथेच थांबतो. कित्येक आठवडे. हिरव्या फळात ती डोळ्यांना दिसत नाही आणि धुऊनही निघत नाही.

थांबते का? कच्च्या आंब्याच्या सालीत आणि चिकात रेसॉर्सिनॉल जातीची बुरशीरोधक द्रव्यं असतात. शिवाय साल आंबट आणि टणक. फळ पिकायला लागलं की ही द्रव्यं घटतात, आंबटपणा उतरतो, पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिन सैल होतं, साखर वाढते. त्यात भर म्हणजे पिकताना फळ जो इथिलीन वायू सोडतं तो कोलेटोट्रायकमच्या बीजाणूंनाही उठवतो; रुजणं आणि ती पकड-पेशी तयार होणं, दोन्हीला त्याने चालना मिळते, हे १९९४ साली प्रयोगाने दाखवलं गेलं. म्हणजे चेंबरमध्ये आपण इथिलीन सोडतो तेव्हा फळ आणि बुरशी दोघांना एकदमच जागं करतो. याचा अर्थ इथिलीन बंद करा असा नाही. खोलीत जाण्याआधी सालीवर बुरशी किती बसली आहे, यावर पुढचं सगळं ठरतं.

ज्यांना पिकवणी, बाग, शीतगृह यांतलं नक्की माहीत आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं.


कवकवही

चांगला धागा. डागाच्या रंगाबद्दल एक भर घालतो, कारण सगळा गोंधळ तिथेच होतो.

तो तपकिरी रंग फळ स्वतः तयार करतं. पेशीत फिनॉल द्रव्यं रिक्तिकेत साठलेली असतात आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे तांबं असलेलं विकर लवकांमध्ये असतं. मधले पडदे शाबूत आहेत तोवर दोघांची गाठ पडत नाही. बुरशी आधी पेक्टिन विरघळवते, मग पडद्यांमधली मेदद्रव्यं मोडतात, ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार होऊन उरलेल्या पडद्यांनाही भोकं पाडतात. फिनॉल, विकर आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की क्विनोन बनतात आणि ते एकमेकांना जुळत जाऊन तपकिरी-काळं रंगद्रव्य होतं.

आता हाच पडदा गारठ्याने फुटला, आपटल्याने फुटला, चिकाने जळला किंवा साल वाळल्याने फुटला, तरी शेवटचा रंग तोच येतो. नुसता रंग बघून "बुरशी आहे" म्हणता येत नाही ते यामुळे.

चीनमध्ये लिचीच्या कुळातल्या लाँगन या फळावर बरंच काम झालंय. फोमोप्सिस किंवा लासिओडिप्लोडियाची लागण झाली की सालीतला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जाद्रव्य, घटतो. पडद्याची डागडुजी करायला ऊर्जाच उरत नाही आणि म्हणून लागण झालेलं फळ निरोगी फळापेक्षा लवकर तपकिरी पडतं. म्हणजे बुरशी डागाच्या जागेपुरती राहत नाही, आजूबाजूची साल वाटते तितकी निरोगी नसते.

कोलेटोट्रायकमची आणखी एक खोड. ती भोवताली अमोनिया सोडून सालीचा आंबटपणा मोडते, कारण तिचं पेक्टेट लायेज हे विकर आम्ल माध्यमात नीट कामच करत नाही. आंबट कैरीवर ती दबून का राहते आणि पिकल्यावर एका रात्रीत डाग का फुगतात, याचं निम्मं उत्तर इथे आहे.


आंबेवाली

कवकवही सर, हे सगळं पटलं, पण मंडीत उभं राहून ओळखायचं कसं? पेटी उघडली, वरच्या थरात डाग दिसले, आढतिया म्हणतोय "पानी लगा है"। निर्णय पाच मिनिटांत घ्यायचा असतो.


कवकवही

ताई, पाच मिनिटांत बघायच्या खुणा फळागणिक सांगतो.

आंबा, करपा: काळे, कडेला नीट न कापलेले, किंचित खोलगट डाग. बरेचदा देठापासून टोकाकडे ओघळाच्या रेषेत, कारण पावसाचं पाणी त्या वाटेनं वाहिलेलं असतं. डाग एकमेकांत मिसळतात. दमट हवेत मध्यावर नारिंगी-गुलाबी, लुकलुकणारा चिकट थेंब दिसला तर प्रश्न मिटला, ते बीजाणू.

आंबा, देठकुज: देठाभोवती तपकिरी कडं, तिथून नागमोडी कडेने खाली सरकत जातं. बोटाने दाबलं तर साल पाणचट लागते, देठाच्या खड्ड्यातून पाझर. ही लासिओडिप्लोडिया थिओब्रोमी. हिची चाल फार जलद असते. ३० अंशांच्या आसपास कडं दिसल्यापासून दोन-तीन दिवसांत अर्धं फळ जातं.

आंबा, चिकाचा डाग: हाही देठापासून ओघळतो म्हणून करप्यासारखा वाटतो. पण हा तोडणीनंतर एक-दोन दिवसांत कच्च्या फळावरच उठतो, खाली मऊ पडत नाही, आणि दिवसागणिक वाढत नाही. नखाने साल खरवडली तर खालचा गर स्वच्छ.

केळं, गारठा: सालीवर डाग नसून एकूणच मळकट, राखी छटा. नखाने सालीचा वरचा पापुद्रा सोला, खाली शिरांच्या रेषेत तपकिरी ओरखडे दिसतील. बुरशीत अशा रेषा नसतात.

केळं, करपा: पिकल्यावर छोटे काळे ठिपके, मोठे होत बदामाच्या आकाराचे, खोलगट, मध्यभागी तोच नारिंगी थर. कोलेटोट्रायकम म्युसी.

पपई, रायझोपस बुरशी: डाग शोधायची गरजच नाही. राखाडी केसांचा झुपका, टोकाला काळ्या टाचणीच्या डोक्यासारखे ठिपके, खाली पाणी, आंबूस वास.

शंका राहिली तर डबा-चाचणी करा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा आतून स्पिरिटने पुसा, तळाला उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेला टिश्यू ठेवा, त्यावर बाटलीची झाकणं उलटी ठेवून वर फळ ठेवा म्हणजे पाण्याला लागणार नाही. झाकण लावून खोलीत २५ ते २८ अंशांत ठेवा, उन्हात नाही. तीन ते पाच दिवसांत बुरशी असेल तर स्वतःचा रंग दाखवते: नारिंगी थेंब म्हणजे कोलेटोट्रायकम, राखाडीवरून काळी होत जाणारी दाट लव आणि सालीत रुतलेले काळे दाणे म्हणजे लासिओडिप्लोडिया, कोरडी काळी भुकटी म्हणजे अ‍ॅस्परजिलस नायजर. काहीच उगवलं नाही आणि डागही वाढला नाही, तर गारठा, चीक किंवा मार. ही चाचणी तोडणीच्या दिवशी दहा-बारा हिरव्या फळांवर केली तर पेटी भरायच्या आधीच कळतं की हा माल लांब पाठवायचा की इथेच काढायचा.


निमाडकर

केळ्याचं मी सांगतो, कारण इंदुरात येणारा बराच माल आमच्या बऱ्हाणपूर-रावेर पट्ट्यातला.

केळ्यात सगळ्यात जास्त नुकसान करप्याने होत नाही, फणीचा बुंधा सडतो त्याने होतं. क्राउन रॉट. एकटी बुरशी नसते ही; लासिओडिप्लोडिया, कोलेटोट्रायकम म्युसी, फ्युजॅरियम, वेगवेगळ्या मिश्रणात. जिथे फणी दांड्यावरून कापली ती उघडी जखम, तिथून शिरते. आधी कापावर पांढरी-राखाडी लव, मग बुंधा काळा आणि मऊ, मग तो काळेपणा एकेका केळ्याच्या देठात उतरतो. शेवटी फणी उचलली की केळी हातात सुटून येतात. गर चांगला असतो, पण सुट्या केळ्यांना भाव कोण देणार?

आता आपल्याकडची पद्धत बघा. घड अख्खा ट्रकमध्ये, खाली-वर केळीची पानं. घड इंदूरला पोचतो, आणि फण्या कापतात त्या चेंबरच्या दारात, त्याच कोयत्याने, फरशीवर ठेवून. म्हणजे ताजी ओली जखम थेट ९० टक्क्यांवरच्या दमट खोलीत. याहून सोयीची व्यवस्था बुरशीला करून देता येणार नाही.

कापताना: धारदार, वाकडी सुरी, एका झटक्यात. बुंध्याचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर भाग फणीला राहिला पाहिजे. बुंधा फार छाटला तर सड लगेच देठात पोचते. फाटका, दातेरी काप सर्वांत वाईट, त्यात चीक साठतो आणि पेशी जास्त मरतात. सुरी दर काही घडांनंतर क्लोरीनच्या पाण्यात बुचकळा.

मग फणी पाण्यात, चीक गळेपर्यंत, साधारण १५-२० मिनिटं. पाण्यात लिटरला १ ग्रॅम तुरटी घातली की चीक गोळा होऊन खाली बसतो, सालीवर डाग पडत नाहीत. दुसऱ्या टाकीत क्लोरीन. तिथून जाळीवर, पंख्याखाली, बुंधा कोरडा खडखडीत झाल्याशिवाय क्रेटमध्ये भरायचं नाही. धुणं सगळे करतात, वाळवणं कुणी करत नाही. ओला माल भरायचा असेल तर न धुतलेला बरा.

वाळलेली फुलं केळ्याच्या टोकाला चिकटलेली असतात तीही शेतातच काढावीत. करप्याचे बीजाणू त्या वाळक्या फुलांवर आणि जुन्या पानांवर पोसले जातात. पान ट्रकमध्ये गादी म्हणून घालणं स्वस्त पडतं खरं, पण तेच पान बुरशीचं भांडार असतं. फोमची शीट किंवा कोरडा कागद वापरा.


राजवाडा_चौक

एवढं करायचं कशाला? कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या पाण्यात बुडवून काढलं की झालं. मंडीत सगळे तेच करतात भिया.


कवकवही

सगळे करतात म्हणून बरोबर, असं नाही. एक, तोडलेल्या फळावर लगेच खाणारा बसलेला असतो. शेतातल्या फवारणीला तोडणीपूर्वी सोडायचे दिवस ठरलेले असतात ते याचसाठी. बुडवून दुसऱ्या आठवड्यात ठेल्यावर आणलं तर ते दिवस गेले कुठे? दोन, रायझोपसवर हे औषध चालतच नाही, फळ सडवणाऱ्या फायटोफ्थोरावर नाही, अल्टरनेरियावरही नाही. पपईच्या केसाळ सडीला कार्बेन्डाझिम म्हणजे पैसे पाण्यात. तीन, कोलेटोट्रायकममध्ये या गटाच्या औषधांना दाद न देणाऱ्या जाती तयार झालेल्या आहेत. ज्या बागेत मोसमभर तेच फवारलं, त्या बागेच्या फळावर तेच पुन्हा ओतून काय मिळणार?

फवारणी करायची ती मोहोर फुटताना आणि फळ वाटाण्याएवढं-सुपारीएवढं असताना, लेबलवर ज्या पिकासाठी आणि ज्या मात्रेत लिहिलंय तशीच, गट बदलून. बागेतल्या वाळक्या काड्या आणि फांद्या छाटून जाळणं हे देठकुजीसाठी फवारणीइतकंच मोलाचं, कारण लासिओडिप्लोडिया त्या मेलेल्या फांद्यांत राहते आणि देठातून आत येते.


आंबेवाली

बुरशी आवरायला फळ गरम पाण्यात बुडवतात, तो प्रयोग कुणी नीट लिहाल का? ५२ अंश सगळे सांगतात, पुढचं कुणी सांगत नाही.


माळवीमाती

लिहितो. आंब्यासाठी ५२ अंश, ५ ते १० मिनिटं. बुरशी सालीच्या अगदी वरच्या थरात असते, त्यामुळे तेवढाच थर तापवायचा आणि गर गार राहू द्यायचा, हे यामागचं गणित. देठकुजीवर मात्र परिणाम कमी, कारण ती देठाच्या आत असते.

टाकी १०० लिटर, पाणी ३० अंशांवर. ५२ पर्यंत न्यायला साधारण अडीच युनिट वीज लागते, म्हणजे ३ किलोवॅटच्या हीटरला पाऊण तास ते तासभर. यात २५ किलो आंबे टाकले, हीटर बंद ठेवला आणि फळ पूर्ण तापेपर्यंत थांबलात, तर पाणी ४८ अंशांपर्यंत उतरतं. दहा मिनिटांत फळ पूर्ण तापत नाही म्हणून घसरण तेवढी होत नाही, पण दीड-दोन अंश सहज जातात, आणि ५० च्या खाली उपयोग झपाट्याने कमी होतो. म्हणून एका वेळी १५-२० किलो, हीटर थर्मोस्टॅटवर चालू, आणि पाणी ढवळणारा छोटा पंप. पंप नसेल तर तळ ४८ आणि वरचा थर ५५ असं होतं, वरची फळं भाजतात आणि खालच्यांना काही होत नाही. ५५ च्या वर साल भाजते, रंगही मग नीट येत नाही.

थर्मामीटर दोन ठेवा, एक वर, एक तळाशी. टाकीवरच्या डायलवर विश्वास ठेवू नका.

तोडल्यापासून २४ तासांच्या आत हे व्हायला हवं. बाहेर काढल्यावर साध्या स्वच्छ पाण्यात गार करा, मग पंख्याखाली वाळवा. पावसात तोडलेला, साल फुगलेला आंबा या पाण्यात टाकू नका, साल लगेच भाजते. युरोपात पाठवायच्या आंब्याला ४८ अंशांजवळ तासभर ठेवतात ते फळमाशीसाठी, त्याची आणि याची गल्लत नको.

पपईला ४९ अंश, २० मिनिटं, हा हवाईचा जुना नियम. थोडी कच्ची पपई यात कधीकधी नीट पिकत नाही, कडक गाठी राहतात. पिवळी रेघ आलेलीच घ्या.

चिकासाठी: आंबा देठासकट, चार-पाच सेंटिमीटर देठ ठेवून तोडा. सावलीत आणल्यावर देठ सेंटिमीटरभर ठेवून कापा आणि लगेच तोंड खाली करून जाळीवर ठेवा. पहिला चीक फवाऱ्यासारखा उडतो, तोच सर्वांत जास्त जाळतो. अर्धा तास पुरे. चुन्याच्या पाण्यात धुवायचं असेल तर १०० लिटरला ५०० ग्रॅम विरलेला चुना. देठ पूर्ण उपटलेला आंबा मात्र दुहेरी तोट्याचा: चीक सालीवर पसरतो आणि देठकुजीला दार उघडं राहतं.


सराफा_खवय्या

बेकिंग सोड्याबद्दल ऐकलंय, खरं का?


कवकवही

१ ते ३ टक्के सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे लिटरला १० ते ३० ग्रॅम, बीजाणूंना रुजण्यापासून थोपवतं. मारत नाही. एकट्याने मदत बेताची, गरम पाण्याबरोबर जास्त. ३ टक्क्यांच्या वर साल पांढुरकी पडते आणि देठाजवळ चट्टे येतात. स्वस्त आहे, खाण्याचीच वस्तू आहे, करून बघायला हरकत नाही.


शीतगृह

पिकवणीच्या खोलीबद्दल लिहितो, ते माझं रोजचं काम.

केळ्यासाठी गराचं तापमान १६ ते १८ अंश. हवेचं नाही, गराचं. सुई-थर्मामीटर मधल्या क्रेटमधल्या केळ्यात खुपसून बघा. खोलीचा डायल १६ दाखवत असतो आणि थप्पीच्या मध्यात २२ असतं, कारण पिकणारं फळ स्वतः उष्णता सोडतं. थप्प्यांमध्ये आणि भिंतीपासून हवेला वाट ठेवा. इथिलीन १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग), २४ तास. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मर्यादाही तीच ठेवली आहे. आर्द्रता ९० ते ९५. कार्बन डायऑक्साइड १ टक्क्याच्या वर गेला की इथिलीनचा परिणाम मंदावतो आणि साल मळकट पिवळी होते. २४ तासांनी दारं उघडून, पंखे लावून हवा बदला.

आर्द्रता आणि ओल यांतला फरक मेकॅनिकलाही समजावून सांगावा लागतो. ९५ टक्के आर्द्रतेत साल कोरडी राहू शकते. पण कूलरच्या कॉइलवरून थेंब क्रेटवर पडत असतील, किंवा ह्युमिडिफायरचं नोझल धुकं न करता फवारा मारत असेल, तर नेमक्या त्या दोन-तीन थप्प्या सडतात. माल तोच, एकाच ओळीत सड, तर आधी छताकडे बघा. दुसरं, थंड माल एकदम बाहेर काढला की इंदूरच्या जुलैच्या हवेत सालीवर घाम सुटतो. १४ अंशांचं केळं बाहेरच्या २७ अंशांच्या ओल्या हवेत आणलं की पाणी थेंबांनी जमतं. आधी गराचं तापमान १८-२० पर्यंत येऊ द्या, मग गाडीत.

१३ अंशांखाली केळं ठेवायचं नाही, कच्चं असो वा पिकलेलं. काही तासांचा फटकासुद्धा दोन-तीन दिवसांनी राखी रंगात दिसतो, म्हणून चूक कुणाची ते तेव्हा कळत नाही. पहाटे चेंबरचा थर्मोस्टॅट अडकून ९ अंश झाले होते, हे लॉगरशिवाय सापडत नाही. साधा तापमान-लॉगर प्रत्येक खोलीत हवाच.

कार्बाइडबद्दल एक वाक्य: २०११ च्या नियमांनुसार फळ पिकवायला त्याचा वापर बंद आहे, आणि डागांच्या दृष्टीनेही तो वाईट. पुडीजवळच्या फळांना उष्णता आणि ओल लागते, वरून पिवळं, आतून कच्चं, आणि त्या गरम दमट थरात बुरशी आधी फुटते. इथेफॉन या इथिलीन सोडणाऱ्या रसायनाच्या पाण्यात फळ बुडवणंही चालत नाही, त्यापासून वायू तयार करून तो फळाला न लागता वापरता येतो.


निमाडकर

शीतगृह दादा, पपईचं कोडं सुटत नाही. रायझोपस ५ अंशांच्या आसपास वाढायचा थांबतो म्हणतात, पण पपई तेवढ्या थंडीत टिकत नाही.


शीतगृह

नाहीच टिकत. पिकायला लागलेली पपई ७ ते १० च्या खाली गेली की साल खड्डेदार होते, पिकायची थांबते, आणि बाहेर काढल्यावर त्याच खड्ड्यांतून अल्टरनेरिया शिरते. थंडीने रायझोपस मारायचा विचारच सोडा. त्याला जखम लागते, हे लक्षात ठेवा. न खरचटलेल्या पपईत तो सहसा शिरत नाही. पण एकदा एक पपई फुटली की त्याचे धागे शेजारच्या न खरचटलेल्या फळातही घुसतात. म्हणून कागदात एकेक गुंडाळणं, तेही कोरड्या कागदात, आणि रोज सकाळी थप्पी चाळून एखादं गळकं फळ असेल तर त्याला लागून असलेली सगळी बाजूला काढणं. क्रेट धुतल्याशिवाय पुन्हा वापरू नका. खाचांत वाळलेला रस म्हणजे पुढच्या खेपेची लागण.


आंबेवाली

सीताफळ आणि लिची राहिलं. लिची मुझफ्फरपूरहून येते तेव्हा लाल असते, इथे दोन दिवसांत तपकिरी. बुरशी?


कवकवही

लिचीत पहिला गुन्हेगार सुकणं. साल पातळ, खवल्यांची, पाणी भराभर उडतं, पडदे फुटतात, लाल अँथोसायनिनही त्याच विकरांच्या तडाख्यात जातं. बुरशी मागून येते. केळ्याच्या उलट लिचीला गारठा सोसतो, २ ते ५ अंशांत आणि ९०-९५ टक्के आर्द्रतेत ठेवता येते. इथले फळवाले तिला केळ्याच्याच खोलीत टाकतात, तिथे ती उगाच सुकते. लिची तोडल्यावर पिकत नाही, तिला पिकवणीच्या खोलीत काही कामच नाही. घरी आणली की ओल्या, पिळलेल्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये. पाण्यात भिजवून ठेवू नका, साल फाटून सड वाढते.

सीताफळाचं गाऱ्हाणं वेगळं. खवल्यांच्या खाचा पाणी धरतात आणि पिकायचा वेगही भलताच असतो. काळी साल बरेचदा मारामुळे, पण देठाकडून आत सरकणारा कोरडा, कडक काळा भाग असेल तर लासिओडिप्लोडियाची फळकूज. फार थंडीत सालही काळी आणि गरही तपकिरी, १२-१५ अंशांच्या खाली नेऊ नका.

अननस कापल्यावर गाभ्याजवळ तपकिरी निघालं आणि बाहेरून ठणठणीत असेल तर ती बुरशी नाही, शीतगृहातला गारठा. देठाच्या कापातून काळी, पाणचट, गोडसर उग्र वासाची सड येत असेल तर ती थिलॅव्हिऑप्सिस पॅराडॉक्सा ही बुरशी. तसंच हापूसचा साका, गरात पांढुरकी स्पंजासारखी जागा, हाही बुरशीचा नाही. बाहेरून डाग शोधून उपयोग नाही.


सराफा_खवय्या

घरी खाणाऱ्याने काय करायचं तेही सांगा. डाग असलेला आंबा फेकायचा का?


निमाडकर

सालीवर कोरडे ठिपके, गर घट्ट, वास चांगला: डाग खोल कापून काढा आणि खा. केळ्याचे बारीक तपकिरी ठिपके तर पिकल्याची खूण. फ्रिजमध्ये काळं पडलेलं केळं आतून चांगलं असतं, साल काळी होते एवढंच. पण गर पाणचट, आंबूस किंवा दारूसारखा वास, लव दिसतेय, तर पूर्ण फेका. मऊ गरात धागे डागाच्या बरेच पुढे गेलेले असतात. असल्या फळांचा रस काढून घालवणं हा रसवाल्यांचा धंदा, तुम्ही घरी करू नका.


माळवीमाती

क्लोरीनचे आकडे वर राहिले, ते देतो. १०० पीपीएम हवं असेल तर १०० लिटर पाण्यात: ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २०० मिली, किंवा ६५ टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट १५ ग्रॅम, किंवा ताजी ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर ३० ग्रॅम. पावडर आधी बादलीत विरघळवून, निवळू देऊन, वरचं पाणी घ्या. जुन्या, दमट पावडरीत क्लोरीन जवळजवळ नसतो. दोन-तीन मिनिटं फळ ठेवा, मग पिण्यायोग्य पाण्याने धुवा.

पीएच ६.५ ते ७.५. माळव्यातलं बोअरचं पाणी बरेचदा क्षारीय निघतं, आणि ८.५ पीएचला क्लोरीनचा जेमतेम दहावा हिस्सा कामाच्या रूपात उरतो. त्यामुळे मात्रा बरोबर असूनही "काही फरक पडला नाही" असं होतं. सायट्रिक आम्ल आधी टाकीच्या पाण्यात मिसळून पीएच उतरवा, नंतर हायपोक्लोराइट घाला. आम्ल आणि हायपोक्लोराइट मूळ अवस्थेत एकत्र कधीही आणू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

आणि क्लोरीन फक्त पाण्यात आणि सालीवर असलेल्या बीजाणूंना मारतो. मेणाखाली बसलेल्या करप्याला तो पोचत नाही. त्याचं काम एवढंच की टाकीतलं पाणी एका सडक्या फळाची लागण शंभर फळांना वाटणार नाही.


शीतगृह

माती आणि चीक क्लोरीन खातात, सकाळी घातलेला दुपारी शून्य. तासाला एकदा पट्टीने मोजा, आणि पाणी गढूळ झालं की पूर्ण बदला, नुसता डोस वाढवू नका.


आंबेवाली

पट्टी कुठली घ्यायची? माझ्याकडे जलतरण तलावाची आहे, ती रंगच दाखवत नाही.


शीतगृह

ती ० ते १० पीपीएमची असते ताई. १०० च्या पाण्यात तिचा रंग उडून जातो आणि क्लोरीन नाहीच असं वाटतं, मग माणूस अजून ओततो. ० ते २०० पीपीएमची मागा, हॉटेलच्या भांडी धुण्यासाठी विकतात ती चालते. तोवर जुनीच वापरायची असेल तर टाकीतलं ५० मिली पाणी क्लोरीन नसलेल्या साध्या पाण्यात मिसळून एकूण १ लिटर करा, पट्टी बुडवा, येईल त्या आकड्याला २० ने गुणा. ५ दाखवलं तर टाकीत १००.